भट्टीला दोष देण्याआधी तापमापक बघा

मंडळी, विषय आहे ‘तांब्याची तार तापवली की तिची वाहकता का सुधारते’. त्याकडे येतोच, पण आधी एक हकिगत सांगतो. ती अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मी तारेच्या कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना, भर दुपार, पत्र्याच्या शेडमध्ये ३६ अंश. ग्राहकाचे तपासनीस आले, त्यांनी तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला आणि त्यावरून वाहकता काढली ९४ टक्के. हवी होती १००, म्हणजे तांब्यासाठी ठरलेल्या प्रमाणाइतकी. ‘अ‍ॅनिलिंग (तार भट्टीत तापवून मऊ करणं) कच्चं राहिलंय, माल परत भट्टीत घाला.’ झालं! सगळी कॉइलं पुन्हा भट्टीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात, २७ अंशांना, त्यांनी पुन्हा मोजलं आणि आकडा आला ९७. साहेब खूश. म्हणाले, ‘बघा, तीन टक्के वाढली! आणखी एकदा तापवा, पास होईल.’

हसताय तुम्ही, पण त्या दुसऱ्या फेरीचं डिझेल, कामगारांची रात्रपाळी आणि नको इतकी मऊ पडलेली तार, हे सगळं आमच्या माथी आलं. तांबं एक अंशाने तापलं की त्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. प्रमाण ठरलंय ते २० अंशांना. म्हणजे १६ अंश जास्त असले की सहा टक्के तिथेच गेले. शेवटी बर्फ लावून तेलाची टाकी २० अंशांवर आणली, तार त्यात बुडवून मोजली. १००! आणि भट्टीत दुसऱ्यांदा न गेलेला एक तुकडा बाजूला ठेवला होता, तोही १००. मोजमापाच्या टेबलावर तापमापक नसेल तर तिथल्या एकाही आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

हे प्रमाण आलं कुठून? १८५७ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी बाजारातल्या तारा तपासल्या. सगळं तांबंच, तरी वाहकतेत प्रचंड तफावत. अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायची होती, तेव्हा हा प्रश्न पैशांचा होता. अखेर १९१३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाची, अ‍ॅनिल केलेली तार, २० अंशांना १/५८ ओहम. ही झाली १०० टक्के. आजचं शुद्ध तांबं १०१ पर्यंतही जातं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा.

आठ मिलिमीटरचा रॉड डायमधून, म्हणजे साच्याच्या अरुंद भोकांतून, ओढत ओढत १.६ पर्यंत आणला की स्फटिकांची रचना विस्कटते, इलेक्ट्रॉनांना अडथळे वाढतात आणि वाहकता साधारण ९७ वर येते. तार तापवली की नवे, स्वच्छ स्फटिक तयार होतात आणि गेलेले दोन-तीन टक्के परत मिळतात. पुण्याच्या तांबट आळीत मठारून कडक झालेलं भांडं कारागीर पुन्हा लाल तापवतो, तीच ही क्रिया. पण परत मिळतं ते फक्त ओढण्यात गेलेलं. तांब्यात विरघळलेली अशुद्धी या तापवण्याने निघत नाही. फ्रिजच्या नळीच्या तांब्यात ०.०२ टक्के फॉस्फरस असला तरी वाहकता ८५ च्या आसपास येते, आणि ती नळी कितीही तापवली तरी १०० होणार नाही.

उलट विजेच्या तारांच्या साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन मुद्दाम ठेवतात. तो अशुद्धींना ऑक्साइडच्या रूपात बांधून बाजूला काढतो. मात्र असं तांबं हायड्रोजनच्या भट्टीत चारशे अंशांपुढे नेऊ नका. आत पाण्याची वाफ तयार होते आणि तार तडकते.

आणि सगळीकडे अ‍ॅनिलिंग करायचंही नसतं. आपल्या लोकलच्या डोक्यावरची तार कडक ओढलेलीच ठेवतात, कारण तिला ताण आणि पेंटोग्राफची, म्हणजे गाडीच्या टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याची, घासण सोसायची असते. त्यासाठी तीन टक्के सोडून देणं अगदी योग्य आहे. आता प्रश्न विचारा.