राजासॉरसला पिसं होती का?

मागे ओरडतोय ना, तो मोर. आपण आहोत बडोद्याच्या कमाटीबागेत आणि सगळा वाद ह्या मोरामुळेच झाला, म्हणजे काल घरी शेवउसळ खाता खाता भाचा म्हणाला, मामा, पक्षी जर डायनासोरचेच वंशज तर आपल्या रैयोलीच्या राजासॉरसला पिसं का नाही दाखवत कुणी?

रैयोली म्हणजे गुजरातमधल्या बालासिनोरजवळचं गाव, तिथली हाडं जिऑलॉजिकल सर्व्हेवाल्यांनी ऐंशीच्या दशकात गोळा केली, २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस असं बारसं झालं. पण हाडं मिळाली, कातडी नाही. पिसं टिकायला बारीक गाळ लागतो, तळ्याच्या तळाशी शांतपणे साचणारा, आणि चीनच्या लिआओनिंगमध्ये तो होता, त्यात ज्वालामुखीची राख, म्हणून तर १९९६ मध्ये तिथल्या सायनोसॉरोप्टेरिक्स नावाच्या डायनासोरच्या पाठीवर-शेपटीवर केसाळ झालर दिसली, साधारण साडेबारा कोटी वर्षं जुनी.

झालं, भांडण सुरू. काही शास्त्रज्ञ म्हणाले पिसं कसली, कातडीतले कोलॅजनचे, म्हणजे प्रथिनाचे, तंतू कुजून विस्कटलेत. मला हा आक्षेप फालतू वाटत नाही हं, कारण १९९९ मध्ये आर्किओरॅप्टर हा पिसांचा डायनासोर म्हणून असाच गाजला आणि नंतर कळलं की वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवलेत, शेपूट तर चक्क मायक्रोरॅप्टर ह्या दुसऱ्याच डायनासोरची! पण २०१० मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्सच्या त्या झालरीत मायक्रोस्कोपखाली मेलॅनोसोम दिसले, म्हणजे पिसांत-केसांत रंग साठवणाऱ्या इवल्याशा पिशव्या, आणि त्यांच्या आकारावरून शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे असावेत इथपर्यंत मंडळी पोचली. माझ्यापुरता तो वाद तिथंच मिटला.

भाचा खूश. म्हटलं थांब जरा. २०१२ मध्ये जाहीर झालेला युटिरॅनस हा डायनासोर नऊ मीटरचा आणि पिसांचा, आणि त्याचाच नातलग टी-रेक्स, त्याच्या मानेच्या, कंबरेच्या, शेपटीच्या कातडीचे ठसे २०१७ मध्ये छापून आले तर सगळे बारीक खवले. एकाच खानदानात ही तऱ्हा!

राजासॉरस तर वेगळ्याच, अबेलिसॉर घराण्यातला. त्याचा भाऊबंद अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस, त्याच्या कातडीचे ठसे आहेत, बऱ्यापैकी मोठे, आणि त्यात खवलेच खवले, पिसाचा मागमूस नाही. म्हणून ह्या व्हिडिओत आम्ही राजासॉरस बिनपिसांचाच काढलाय, उद्या कुठं ठसा सापडला तर परत काढू.

चित्र भाच्यानंच रंगवलंय, राखाडी. आता रंगावरून भांडू नका, राजासॉरसचा मेलॅनोसोम अजून कुणी बघितलेला नाही.