कोबीतली अळी निर्दोष आहे

(दृश्य: आठवडी बाजार. गोणपाटावर मेथी-शेपूच्या जुड्या.)

सकाळचे आठ. भाजीवाल्या मावशी बादलीत हात बुडवून जुड्यांवर पाणी मारतात. नाही मारलं तर दुपारपर्यंत भाजी माना टाकते. बादलीतलं पाणी कुठलं, हे गिऱ्हाईक विचारत नाही.

कोबीच्या गड्ड्यापाशी मात्र सगळे सावध. पानं उचकटून अळी शोधतात. कोबीतली अळी मेंदूत जाते, असं घरोघरी ऐकलेलं असतं ना! ती बिचारी हिरवी अळी एखाद्या पतंगाची किंवा फुलपाखराची. माणसाच्या पोटात तिचा टिकाव लागत नाही.

मेंदूत जाणारी वेगळीच. टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं, तर तो माणसाच्या आतड्यात दोन-तीन मीटर वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. पुढे नाल्याचं पाणी, त्यावर पिकलेली भाजी, किंवा त्याच माणसाचे न धुतलेले हात. अंडं मिलिमीटरच्या ३ शतांशाएवढं. पानं कितीही उचकटा, दिसणार नाही. ते पोटात गेलं, की त्यातली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत गाठ करून बसते. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी फिट येते. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही.

(दृश्य: मातीने माखलेली गाजरं.)

साधा गोल जंत याच वाटेने येतो. त्याची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. ती मातीत दोन-तीन आठवडे मुरली की बाधक होतात, आणि ओलाव्यात वर्षानुवर्षं तग धरतात. मिठाच्या पाण्याचा किंवा व्हिनेगरचा भरवसा नको. पान-पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं तर बरीच जातात. चांगलं शिजवलं की मरतात. म्हणजे मेथीची भाजी बिनघोर खा. प्रश्न आहे तो कोशिंबिरीचा, मिसळीवरच्या कोथिंबिरीचा.

२०१५पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात. आतड्यातले जंत तिने मरतात. पुढच्या आठवड्यात पोटात जाणारी अंडी ती अडवत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. चायनीज भेळेची गाडी.)

कोबी सपासप चिरला जातोय. कच्चाच. वर लाल चटणी, कुरकुरीत नूडल्स. इथे अळी कुणीच शोधत नाही.