तीन किलो कुठून आले?

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीजवळ आमचा मळा. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरायची. पोत्यागणिक पाट्या मोजून. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. काकांनी हौसेनं इलेक्ट्रॉनिक काटा आणलेला. सगळी पोती ५० किलोच्या आसपास, एकच भरलं ५३. उतरवलं, परत ठेवलं. ५३च.

काका म्हणाले, "लाईट कमी-जास्त होतीया, काटा नाचतोय."

आजी म्हणाली, "ह्या एकाच पोत्याला बरा नाचतोय! तागडी काढा."

तागडीला कुठली आलीय लाईट? तीही म्हणाली, ५३.

आता वर बघा. १९३३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकींना दिसलं, की कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्या, फार जोरात पळताहेत. दिसणाऱ्या ऐवजाच्या ओढीनं त्या एकत्र राहूच शकत नाहीत. १९७० मध्ये व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेतही तसंच आढळलं: कडेकडे गेलं तरी फिरण्याचा वेग पुरेसा उतरत नाही. म्हणजे वजन जास्त भरतंय. काही मंडळी काकांसारखी म्हणाली, हा विजेचा खेळ! अवकाशातल्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत, प्रवाह वाहतात, तेच दीर्घिका फिरवतात. प्रवाह खरेच आहेत बरं का. ध्रुवीय प्रकाशामागे तेच असतात, आणि प्लाझ्मावरच्या कामासाठी शास्त्रज्ञ आल्फव्हेन यांना १९७० चं नोबेलही मिळालं. पण विरळ वायूला वीज ढकलेल; अख्ख्या ताऱ्यावर एकूण विद्युतभार जवळजवळ नसतोच, त्याला ती काय हलवणार?

आणि तागडी? ती म्हणजे प्रकाश. प्रकाशाला विद्युतभार नाही. परत सांगतो, प्रकाशाला विद्युतभार नाही. तरी दीर्घिकांच्या समूहाजवळून जाताना तो वाकतो, आणि वाकतो तो दिसणाऱ्या वस्तुमानाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. आजचा हिशेब सांगतो, न दिसणारं द्रव्य नेहमीच्या द्रव्याच्या पाचपट. त्या पोत्याची शिवण अजून कुणाला उसवता आलेली नाही.

आमच्या पोत्याची आजीनं उसवली. दाभण घेतलं, सुतळी ओढली, कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला वरवंटा! पिवळाधमक. आठ दिवस घरभर शोधत होती बिचारी. चटणी शेजारच्या मिक्सरवर चाललेली. (मिक्सरच्या चटणीला चव नसते, हे माझं मत आजही कायम.)

काका काट्याकडे बघत राहिले. आजी माझ्याकडे. खळ्यात वरवंट्यानं चिंचोके फोडत बसलो होतो ते मी, आणि आजीची हाक आली तेव्हा तो हळदीच्या ढिगात खुपसून पळालो होतो तोही मीच.

"लाईट गेलीया का रं तुझी?" आजी म्हणाली.