चांदणीची थरथर

मे महिना, दुपारचे दोन. जळगावहून भुसावळकडे जाणारा रस्ता. डांबर नुसतं तापलंय. दूर उभा असलेला हा ट्रक पाहा, पाण्यात उभा केल्यासारखा लहरतोय. ट्रक जागच्या जागी आहे, हलतेय ती मधली हवा. गरम आणि गार हवेत प्रकाश कमी-जास्त वळतो, म्हणून त्याच्या कडा थरथरतात.

रात्री धाब्यावर खाट टाकून वर पाहिलं की चांदण्या लुकलुकतात, त्याचंही कारण हेच. वर्षानुवर्षं सरळ येत राहिलेला किरण आपल्या हवेत शिरतो आणि डगमगतो.

आकाशाचं वेड या मातीला जुनंच. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळातला शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं इथे मठ स्थापला. तेव्हा दुर्बीण नव्हती. ती आल्यावर लुकलुकणं डोळ्यात खुपू लागलं. आरसा कितीही मोठा बसवा, हवेमुळे दिसतं ते वीतभर आरशाच्या दुर्बिणीइतकंच बारीक. उंच डोंगरावरची शांत हवा गाठा, असं न्यूटननं १७०४ सालीच लिहून ठेवलं होतं.

१९५३ मध्ये होरेस बॅबकॉक या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञानं म्हटलं, हवा जशी किरण वाकवते, तसा त्याच्या उलट आरसा वाकवू. तेवढं चपळ यंत्रच तेव्हा नव्हतं. पुढे अमेरिकी लष्करानं गुपचूप काम केलं, ते १९९१ मध्ये खुलं झालं. त्याआधी १९८९ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या वेधशाळेत ते करून दाखवलं होतं. बॅबकॉक २००३ पर्यंत जगले, आपली कल्पना खरी झालेली त्यांना पाहता आली, याचा मला फार आनंद वाटतो.

आता जरा जवळून पाहू. ताऱ्याचा प्रकाश चिमुकल्या भिंगांच्या जाळीवर पडतो आणि प्रत्येक भिंग एक ठिपका उमटवतं. हवा शांत असली, की ठिपके केळीच्या बागेतल्या ओळींसारखे सरळ. हवा हलली, की कुणी डावीकडे, कुणी वर सरकतो. कोण किती सरकला ते मोजून संगणक पातळ आरशामागच्या दट्ट्यांना हुकूम सोडतो. आरसा केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी वाकतो, पण सेकंदाला शेकडो वेळा. यालाच अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात.

मोजायला जवळपास ठळक तारा हवा. नसला तर तो तयार करतात! सुमारे ९० किलोमीटर उंचीवर सोडियमचा विरळ थर आहे, लेसर सोडला की तो तिथे उजळतो. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या एका दुर्बिणीवर असे चार लेसर आहेत आणि तिच्या वाकणाऱ्या आरशामागे ११७० दट्टे. आकाशगंगेच्या केंद्राभोवती १६ वर्षांत फेरी मारणारा तारा अशाच आरशांनी न्याहाळला. त्याच्या फेरीवरून केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांइतकं भरलं आणि २०२०च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला. आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनंही अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेसोबत रोबो-एओ हे अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचं स्वयंचलित यंत्र घडवलं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर ते रात्रभर आपलं आपण काम करायचं.

मग हाच आरसा डोळ्याकडे वळला. डोळ्याची पारदर्शक काच आणि आतलं भिंगही प्रकाश वेडावाकडा करतात. १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तो दोष आरशानं पुसला आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या, उजेड आणि रंग टिपणाऱ्या शंकूपेशी एकेक करून दिसल्या. पोळ्यातल्या घरांसारख्या, दाटीवाटीनं बसलेल्या. धाब्यावर पडून एखादी ठळक चांदणी आपण नेमकी न्याहाळतो, तेव्हा तिचा थरथरता उजेड याच पेशींवर पडत असतो.