नव्या शिक्षकाचा वर्ग पाहताना

नमस्कार श्रोतेहो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाला उघडतात. अशा एखाद्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत नवीन शिक्षण सेवक, म्हणजे अजून कायम न झालेला शिक्षक, रुजू होतो तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा एक खोली आणि दोन इयत्ता येतात. शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या सराव पाठात त्यानं एक वर्ग, एक घटक आणि आधीपासून तयार केलेले तक्ते एवढंच हाताळलेलं असतं. इथं तिसरीला वजाबाकी शिकवताना चौथी मोकळी पडते, आणि चौथीकडे वळलं की तिसरीतले दोघं पाणी प्यायला निघून जातात. त्याला मदत करणारी माणसं तीनच : शाळेतले ज्येष्ठ गुरुजी किंवा मॅडम, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आणि शिक्षकांना मार्गदर्शन करणारी तालुक्याच्या गटातली साधनव्यक्ती. आजचं बोलणं मुख्यतः या तिघांशी आहे.

वर्ग पाहायला कोणी येतच नाही, असं नाही. येतात, पण आल्यावर आधी हजेरीपट, मग पोषण आहाराची नोंदवही, मग ऑनलाइन माहिती अपूर्ण का राहिली याची विचारणा, आणि उरलेल्या दहा मिनिटांत पाठ. जाताना शेरेबुकात ओळ पडते, ‘पाठ समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा अधिक वापर करावा.’ ही ओळ कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही पाठाखाली लिहिली तरी चालते. ज्याला ती लिहून मिळते, त्याला त्यातून उद्या सकाळी काय वेगळं करायचं ते कळत नाही. नव्या शिक्षकाला उपयोग होतो तो नोंदीचा. फळ्याकडे तोंड असताना त्याच्या पाठीमागं मुलं नेमकं काय करत होती, हे त्याला स्वतःला दिसू शकत नाही. पाहणाऱ्यानं ते टिपून त्याच्या हाती द्यायचं.

यासाठी निरीक्षणाआधी पाच-दहा मिनिटं बोलून घ्यावं. आदल्या संध्याकाळी फोनवर झालं तरी पुरे. उद्या कोणता घटक आहे, तास संपल्यावर मुलांना काय करता आलं पाहिजे, आणि मी नेमकं काय पाहू, असे तीन प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर शिक्षकाकडूनच यायला हवं. ‘सगळंच पाहा सर’ असं उत्तर आलं, तर आपणच दोन-तीन पर्याय ठेवावेत : प्रश्न कोणाला विचारले जातात ते पाहू, की दुसरी इयत्ता किती वेळ रिकामी बसते ते, की वहीत मुलं काय चुकतात ते? यातलं एकच निवडायचं. एका बैठकीत पाच गोष्टी पाहणाऱ्याच्या कागदावर पाचही अर्धवट उतरतात.

वर्गात मुलांच्या आधी जाऊन बसावं. तास सुरू झाल्यावर दारातून आत शिरलं की सगळा वर्ग उभा राहून नमस्ते म्हणतो आणि पाठाची घडी विस्कटते. बसायची जागा फळ्याच्या बाजूची भिंत, जिथून मुलांचे चेहरे दिसतात. शेवटच्या रांगेमागं बसलं तर पाठीच दिसतात. मुलं सतरंजीवर असतील तर आपणही सतरंजीवरच बसावं, खुर्ची मागवू नये. मोबाइलवर चित्रीकरण टाळावं. कॅमेरा दिसला की मुलं आणि शिक्षक दोघंही वेगळं वागतात, आणि मुलांची चित्रफीत कुठल्या गटात फिरेल याचा भरवसा नसतो. शिक्षकानं स्वतःच्या फोनवर स्वतःसाठी नुसता आवाज घेतला, तर गोष्ट निराळी.

सर्वांत अवघड काम म्हणजे गप्प बसणं. शिक्षक अडखळला की ज्येष्ठांचा हात आपोआप खडूकडे जातो. तो आवरावा. मुलांसमोर खडू हातातून घेतला गेला, की पुढच्या वेळी तो शिक्षक आपल्याला घोटवलेला पाठ दाखवेल, रोजचा वर्ग दाखवणार नाही.

आता कागद. साध्या फुलस्केपवर उभी रेघ मारून दोन भाग करावेत. डावीकडे घड्याळातली वेळ आणि जे दिसलं, ऐकलं ते. उजवी बाजू चर्चेपर्यंत कोरी. डावीकडे ‘मुलं कंटाळली’ असं लिहिलं तर ते आपलं मत झालं. ‘११:२० : मागच्या तिघांनी पाटी खाली ठेवली, एकजण खिडकीबाहेर पाहतोय’ ही नोंद झाली. मतावर शिक्षक वाद घालतो किंवा मान खाली घालतो. नोंद दिसली की तो आठवू लागतो : हो, तेव्हा मी चौथीला शुद्धलेखन देत होतो.

प्रश्न पाहायचे ठरले असतील तर बैठकीचा नकाशा काढावा. प्रत्येक मुलाचा एक चौकोन, प्रश्न विचारला की त्यात एक रेघ. वीस मिनिटांत चित्र उभं राहतं. बहुतेक वेळा रेघा पुढच्या रांगेत आणि मधोमध दाटतात, कडेच्या मुली कोऱ्या राहतात. सोबत थांबण्याचा वेळही मोजता येतो. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारीही बोलू लागतात. त्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. ‘समजलं का?’ आणि त्यावर सगळ्यांचं एकसुरी ‘होऽऽ’ हे किती वेळा झालं, तेही मोजावं. त्या ‘हो’मधून कोणाला समजलं हे कोणालाच कळत नाही.

बी.एड. झालेल्यांना फ्लँडर्सची, वर्गातलं बोलणं दहा प्रकारांत मांडण्याची पद्धत आठवेल. दर तीन सेकंदांनी त्या वेळच्या प्रकाराचा आकडा लिहायचा. परीक्षेपुरती ती ठीक आहे. दोन इयत्तांच्या खोलीत एकट्या माणसाला ती झेपत नाही, आणि झेपली तरी आकड्यांच्या त्या रांगेचं नव्या शिक्षकानं करायचं काय? त्यापेक्षा दर पाच मिनिटांनी मान वर करून मोजावं : तिसरीतली किती मुलं दिलेलं काम करताहेत, चौथीतली किती. चाळीस मिनिटांत आठ मोजण्या. चौथीचा आकडा तिसऱ्या मोजणीपासून घसरला असेल, तर दिलेलं काम दहा मिनिटांतच संपलं होतं. तिथं शिस्तीचं व्याख्यान कशाला? वीस मिनिटं पुरेल असं काम आणि ते संपल्यावर करायचं दुसरं काम फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवणं, एवढाच उपाय असतो.

वह्या पाहायच्या असतील तर मुलं सोडवत असताना त्यांच्या मागून हळू फिरावं आणि चूक जशीच्या तशी उतरवून घ्यावी. समजा फळ्यावर ४२ वजा १७ आहे. पाच मुलांनी ३५ लिहिलं. नवा शिक्षक फुली मारतो, तेच उदाहरण पुन्हा करून दाखवतो, मुलं ते उतरवून घेतात. पुढच्या गणितात तीच चूक. कारण ही हयगय नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलानं सातातून दोन काढले, पाच आले, चारातून एक काढला, तीन आले. त्याच्या लेखी नियम एकच : मोठ्यातून लहान काढायचा. पाचही वह्यांत ३५ आहे हे नोंदीत दिसलं, की उपायही दिसतो. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्या पाच जणांच्या हातात द्यायच्या आणि सतरा काढून दाखवायला सांगायचं. गठ्ठा सोडावाच लागतो. मग तेच फळ्यावर. उरलेल्या वर्गाला हे पुन्हा ऐकवायची गरज नाही.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे मोठा आहे. भरती पवित्र पोर्टल या राज्यभरासाठीच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते, त्यामुळे सोलापूर-साताऱ्याकडचे शिक्षकही विदर्भातल्या गावात येतात. मूल म्हणतं, ‘मले येते, सांगू काय?’ शिक्षक म्हणतो, ‘मले नाही, मला म्हण.’ मूल ‘मला’ म्हणतं आणि उत्तर राहून जातं. तासात असं किती वेळा झालं याच्या नुसत्या रेघा दाखवल्या, तरी पुरतं. आधी उत्तर ऐकायचं, प्रमाण रूप नंतर आपल्या बोलण्यातून कानावर पडू द्यायचं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविड कुळातली, म्हणून मराठीवरून अंदाज बांधून दोन्ही समजत नाहीत. पाहणाऱ्याला ती भाषा येत असेल, तर मुलं आपसात काय कुजबुजली तेच सर्वांत मोलाचं. येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाला किंवा अंगणवाडी सेविकेला, शिक्षकाला विचारून, शेजारी बसवावं.

चर्चा त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, वीस मिनिटं. दुसऱ्या दिवसावर गेली की शिक्षकाला वर्ग आठवत नाही. टेबलाच्या दोन बाजूंना बसू नये, शेजारी बसून कागद मध्ये ठेवावा आणि आधी शिक्षकाला वाचू द्यावा. मग विचारावं, ‘यात तुम्हाला काय दिसतं?’ आणि गप्प राहावं. मुलांसाठी जे तीन सेकंद सांगितले, ते इथंही लागतात, इथं तर दहा लागतात. ‘पाठ छान झाला, पण’ या सुरुवातीतलं ‘छान’ कोणी ऐकत नाही, ‘पण’नंतरचंच कानात राहतं. उजव्या बाजूला शेवटी एकच बदल लिहावा, शिक्षकाच्या शब्दांत, कोणत्या तासाला करून पाहणार त्या वारासह. ‘मुलांना बोलतं करीन’ हे चालणार नाही. ‘सोमवारी गणितात कडेच्या चार मुलींना नाव घेऊन विचारीन आणि तीनपर्यंत मनात मोजीन’ हे चालेल.

हा कागद शिक्षकाकडेच राहतो. शिक्षण सेवकाची तीन वर्षं मानधनावर जातात आणि सेवा समाधानकारक ठरली तरच तो कायम होतो. त्याची भीती साधीच आहे : हे वरती जाईल का? म्हणून तपासणीची भेट आणि मदतीची भेट यांचे दिवस वेगळे ठेवावेत. केंद्रप्रमुखांना हे कठीण जातं, कारण दोन्ही कामं त्यांच्याकडेच आहेत. त्यांनी निदान मदतीच्या दिवशी नोंदवह्या उघडू नयेत.

‘मी पाहायला गेलो तर माझा वर्ग कोण सांभाळेल?’ दोनशिक्षकी शाळेतली ही अडचण खरी आहे. पूर्ण तासाचा आग्रह सोडावा. आपल्या वर्गाला लेखी काम देऊन पंधरा मिनिटं मधल्या दारात बसलं, तरी एक नकाशा होतो. उलटही करावं : नव्या शिक्षकानं तोच कागद घेऊन ज्येष्ठांचा वर्ग पाहावा आणि रेघा माराव्यात. ज्येष्ठांच्या नकाशातही कोरे चौकोन निघाले, की चर्चेतला अवघडलेपणा बराच उतरतो.

दिवस पाहून ठरवावेत. सोयाबीनची सोंगणी आणि त्यामागून कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा रिकामा असतो, तेव्हाच्या मोजणीवरून निष्कर्ष काढू नयेत. पोळ्याच्या आदल्या दिवशीही नको. दिवाळीपूर्वी चार-पाच छोटी निरीक्षणं झाली, तर पहिल्या वर्षासाठी ती चांगली सुरुवात आहे.

दुसरी भेट आठ-दहा दिवसांत व्हावी, आणि त्या वेळी फक्त ठरलेला तो एक बदल पाहावा. मागच्याच नकाशात दुसऱ्या रंगाच्या पेनानं रेघा माराव्यात. कडेचे चौकोन अजून कोरे असतील तर आधी विचारावं, करून पाहिलं का? पाहिलं असेल तर अडलं कुठं? वेळ पुरला नाही, की मुली उभ्या राहून गप्पच राहिल्या? गप्प राहिल्या असतील, तर आधी जोडीत बोलू द्यावं, मग विचारावं. चौकोन भरले असतील, तर पुढं काय पाहायचं ते शिक्षकालाच ठरवू द्यावं. नमस्कार.