सकर रॉडचे जोड का सुटतात

[दृश्य: उत्तर गुजरात, मेहसाणा जिल्हा. मोहरीच्या शेतांमधून खालीवर होणारी पंपांची डोकी.]

बालोल, सांथल, लाणवा, बेचराजी. मेहसाण्याच्या आसपासच्या या क्षेत्रांतलं तेल जड आणि चिकट. सुमारे हजार मीटर खोलीवरून ते आपणहून वर येत नाही, ओढून आणावं लागतं. आपल्या ओळखीच्या मुंबई हायवर असे पंप दिसणार नाहीत. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जागा मोजकी, म्हणून तिथे विहिरीत दाबाखाली गॅस सोडून तेल हलकं करतात आणि वर चढवतात. जमिनीवर जागेची अडचण नाही, आणि हा पंप चालवायला, दुरुस्त करायला सोपा. सोपा, एक जागा सोडली तर.

[दृश्य: पंपाच्या डोक्याला टांगलेला गुळगुळीत पॉलिश रॉड विहिरीच्या तोंडावरच्या स्टफिंग बॉक्समधून खाली जातो. कॅमेरा त्याच्यासोबत खाली. आरेखन.]

वर दिसतं ते नुसतं डोकं. खरा पंप तळाशी, ट्यूबिंगच्या, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीच्या, आत असतो. दोघांना जोडते ती सकर रॉडची, म्हणजे पोलादी सळ्यांची, माळ. एक रॉड 25 फुटांचा, म्हणजे 7.62 मीटर. हजार मीटरच्या विहिरीत असे 131 रॉड लागतात. दर दोन रॉडमध्ये एक कपलिंग, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, आणि त्यात एक पिन, म्हणजे रॉडचं आट्यांचं टोक, वरून, एक पिन खालून. म्हणजे आटे आवळायच्या जागा 260 च्या वर. त्यांतली एक जरी गेली तरी उत्पादन थांबतं, आणि विहिरी दुरुस्त करणारी वर्कओव्हर रिग मोकळी होऊन तिथे पोचेपर्यंत विहीर बंदच राहते.

सात सुती, म्हणजे 7/8 इंची रॉड घेऊ. त्याचं वजन मीटरला 3.3 किलो. पूर्ण माळ हवेत 3,300 किलो भरते, विहिरीतल्या द्रवात बुडाली की साधारण 2,900. पंपातला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, पावणेदोन इंची असेल आणि द्रवाची पातळी पंपाजवळ असेल, तर वर जाताना द्रवाच्या स्तंभाचे आणखी दीड टन येतात. म्हणजे सर्वांत वरच्या जोडावर खाली येताना 2.9 टन, वर जाताना 4.4 टन. धक्के आणि घर्षण वेगळं. मिनिटाला सहा फेऱ्या धरल्या तर दिवसाला 8,640, वर्षाला साडेएकतीस लाख. 4.4 टन हे ओझं या पोलादाला फार नाही. जोड तुटतो तो ओझ्याच्या या सततच्या चढउतारानं थकून.

[दृश्य: टेबलावर नवी पिन. तिच्या शेजारी तुटलेली पिन, भिंगातून.]

ही पिन नीट बघा. रॉडचं अंग 22 मिलिमीटर, पिन 30 मिलिमीटर. आट्यांच्या तळाशी मोजली तरी ती रॉडपेक्षा जाडच भरते. मग रॉड शाबूत राहून पिन का तुटते?

आट्याचा तळ म्हणजे एक खाच, आणि खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो. त्यात जोड सैल असेल तर दर फेरीला दीड टनाची ती पूर्ण वाढ-घट थेट पिनवर येते. तडा एका बाजूनं सुरू होतो आणि कणाकणानं आत सरकतो. तुटलेल्या पृष्ठावर त्याच्या अर्धगोल रेषा दिसतात, शिंपल्यावर असतात तशा. जो भाग शेवटच्या क्षणी एकदम फाटला, तो खरखरीत. गुळगुळीत भाग मोठा आणि खरखरीत भाग लहान असेल, तर भार फार नव्हता, तडा मात्र बराच काळ वाढत होता.

हे टाळायचं तर पिन आधीच ताणून ठेवावी लागते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. निवताना ती आवळते, स्वतः ताणात राहते आणि लाकूड दाबून धरते. इथे तेच काम आटे करतात. पिनचा खांदा, म्हणजे शोल्डर, कपलिंगच्या तोंडावर टेकल्यावरही पिन आणखी फिरवली की तिची मान ताणली जाते आणि कपलिंगचं तोंड दाबलं जातं. हा ताण विहिरीतल्या भारापेक्षा जास्त असेल, तोवर खांदा तोंडापासून सुटत नाही. चढउताराचा थोडाच वाटा पिनला लागतो. खांद्यावरचं घर्षण जोडाला उलटं फिरू देत नाही, आणि खारं पाणी आट्यांपर्यंत पोचत नाही. सकर रॉडचे आटे सरळ असतात, इंचाला दहा, निमुळते नाहीत. त्यामुळे आट्यांमध्ये स्वतःची पकड फारशी नसते. सगळी भिस्त खांद्यावर.

[दृश्य: रिगचा मजला. पॉवर टाँग. कपलिंगवर खडूची उभी रेघ.]

मग आवळायचं किती? टाँगच्या, म्हणजे हायड्रॉलिकवर चालणाऱ्या पान्ह्याच्या, दाबमापकावर विसंबणं ही या कामातली सर्वांत महागडी सवय. तोच दाब कोरड्या आट्यांवर एक ताण देतो, वंगण लावलेल्या आट्यांवर दुसरा. हिवाळ्यातल्या सकाळी टाँगचं हायड्रॉलिक तेल घट्ट असतं, दुपारी ते पातळ होतं. मापकाचा काटा त्याच जागी असतो, पण जोड वेगळाच आवळला जातो. म्हणून टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, न मोजता फिरणं मोजतात.

पद्धत अशी. जोड हातानं, खांदा टेकेपर्यंत फिरवायचा. खांदा आणि कपलिंग यांच्यावरून एक सलग उभी रेघ मारायची. मग टाँगनं आवळायचं आणि रेघेचे दोन तुकडे परिघावर एकमेकांपासून किती सरकले ते मोजायचं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या शिफारशींत आकारवार आकडे आहेत. सात सुती नव्या डी ग्रेड (पोलादाची एक प्रत) रॉडला किमान 11/32 इंच, म्हणजे 8.7 मिलिमीटर. तोच रॉड पुन्हा उतरवताना 9/32 इंच, 7.1 मिलिमीटर, कारण पृष्ठभाग एकदा बसलेले असतात. पाऊण इंची रॉडला नव्याला 9/32, जुन्याला 7/32. एक इंचीला 14/32 आणि 12/32.

हे अंतर कपलिंगच्या बाहेरच्या परिघावरचं आहे. सात सुती रॉडच्या कपलिंगचा व्यास 46 मिलिमीटर, आट्यांचं अंतर 2.54 मिलिमीटर. हिशेब केला तर 8.7 मिलिमीटर फिरण्यातून पिन पुढे सरकते ती जेमतेम 0.15 मिलिमीटर. जोडाचा सगळा ताण या एवढ्यात आहे. आता खांद्याखाली वाळूचा कण, रंगाचा पापुद्रा किंवा वाळलेलं मेण अडकलं तर काय होईल? रेघ हवी तितकी सरकेल, टाँग बरोबर थांबेल, कागदावर जोड उत्तम. विहिरीत दोन-चार दिवसांत तो कण चिरडला जाईल आणि ताण निघून जाईल.

[दृश्य: पिनचं संरक्षक टोपण निघतं. ब्रश, द्रावक, स्वच्छ फडकं.]

म्हणून आवळण्यापेक्षा साफसफाईला जास्त वेळ द्यावा लागतो. टोपण रॉड उचलायच्या वेळीच काढायचं, आदल्या रात्री नाही. पिन आणि कपलिंग दोन्हींचे आटे द्रावकानं धुवायचे, ब्रश मारायचा, पुसायचे. वंगण फक्त पिनच्या आट्यांना, तेही पातळ थर. खांदा आणि कपलिंगचं तोंड स्वच्छ आणि कोरडं. तिथे ग्रीस लागलं तर घर्षण जातं, आणि जोडाला धरून ठेवतं ते घर्षणच. प्लंबरची पांढरी टेप इथे आणूच नये.

हातानं खांदा टेकला की फटीत 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी घालून बघायची. गेली तर जोड तसाच आवळायचा नाही. आटे दुखावलेत, मळलेत किंवा खांदा तिरका आहे. हातानं फिरवताना मध्येच अडलं, तरी तेच. अडलेला जोड टाँगनं ‘बसवता’ येतो, हे खरं. बसतो तो वाकडा.

रॉड वर उचलताना लटकला पाहिजे सरळ. एलिव्हेटरची, म्हणजे रॉड धरून उचलणाऱ्या पकडीची, बैठक झिजली असेल तर तो कललेला लोंबतो आणि पहिला आटा तिरका चढतो. रॅकवर रॉडला किमान चार ठिकाणी आधार हवा. त्यावरून चालायचं नाही. मध्ये धरून उचलायचा नाही. वाकलेला रॉड सरळ करून पुन्हा उतरवला, तर तो जवळच्या जोडाला दर फेरीत वाकवत राहतो. असा रॉड बाजूला काढणं शेवटी स्वस्त पडतं.

टाँगची जुळणी दर नव्या आकाराच्या सुरुवातीला आणि तेलाचं तापमान बदललं की पुन्हा तपासायची. सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ते वरचे छोटे पोनी रॉड. टाँग बाजूला गेलेली असते, शिफ्ट संपत आलेली असते, आणि हे जोड पान्ह्यानं, अंदाजानं आवळले जातात. सर्वांत जास्त भार नेमका त्यांच्यावर. पॉलिश रॉडचं कपलिंगही वेगळं असतं. त्याच्या आट्यांच्या टोकाला उतार असतो. सकर रॉडचं कपलिंग पॉलिश रॉडला लावलं, तर बसल्यासारखं वाटतं, पण खांदा नीट टेकत नाही.

जास्त आवळणंही घातकच. पिनची मान कायमची लांबते, आटे पुढच्या वेळी जुळत नाहीत, कपलिंगचं तोंड फुगतं. आणि सुटत नाही म्हणून कपलिंगवर हातोडा? प्रत्येक ठोक्याचा खड्डा म्हणजे तड्याला आयती जागा. हातोड्याची खूण असलेलं कपलिंग पुन्हा वापरू नये, कितीही नवं दिसलं तरी.

[दृश्य: डायनामोमीटर कार्ड, पडद्यावर रेषा उमटते.]

नीट आवळलेला जोडही विहीर चालवण्याच्या पद्धतीनं सुटू शकतो. पंप पुरता भरला नाही की प्लंजर अर्ध्या वाटेवर द्रवावर आपटतो. तो धक्का माळेतून वर जातो, खालचे रॉड वाकतात, कपलिंग ट्यूबिंगला घासतं. कार्डावर, म्हणजे रॉडवरच्या भाराच्या आलेखावर, हे उतरत्या बाजूच्या खोल खाचेसारखं दिसतं. उपाय आहेत: फेऱ्या कमी करणं, टायमर, किंवा पंप पुरता भरत नसेल तेव्हा तो थांबवणारा पंप-ऑफ कंट्रोलर. मेहसाण्यासारख्या जड तेलात दुसरी भानगड. रॉड चिकट तेलातून हळू उतरतात, पॉलिश रॉड उचलणारा कॅरियर बार मात्र वेगानं खाली येतो आणि रॉडवर आवळलेल्या क्लॅम्पपासून सुटतो. परतीच्या वाटेवर तो क्लॅम्पला खालून धडकतो. उतरण्याचा वेग कमी केला की हे थांबतं. मोटरला वेग बदलणारी ड्राइव्ह असेल तर चढ वेगानं, उतार संथ, असं ठेवता येतं.

बालोल आणि सांथलमध्ये भूगर्भात हवा सोडून तेलाचा काही भाग जाळतात, त्या उष्णतेनं उरलेलं तेल पातळ होतं. त्या ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून पोलाद खातो. गंज आणि थकवा एकत्र आले की कितीही कमी भार सुरक्षित राहत नाही. इथे जास्त ताकदीचा रॉड मागवण्याचा मोह होतो, पण पोलाद जितकं कडक तितकं ते खाचेला आणि हायड्रोजन सल्फाइडला हळवं. आधी गंजरोधक रसायनाची मात्रा नीट पोचते का, ते बघावं. लाटून केलेले आटे कापलेल्या आट्यांपेक्षा थकव्याला जास्त टिकतात. ते मागवताना लेखी नमूद करणं बरं.

वर क्लॅम्पखाली रॉड रोटेटर असेल तर त्याचा दोर आणि रॅचेट रोज बघायचं. तो माळ आवळण्याच्या दिशेनं फिरवतो आणि कपलिंगची झीज सगळीकडून सारखी ठेवतो. बंद पडलेला रोटेटर बाहेरून चालू असल्यासारखाच दिसतो. पॉलिश रॉडवर खडूची खूण करून तासाभरानं ती सरकली का ते पाहिलं की कळतं.

[दृश्य: कार्डावर रेषा सपाट होते. रिग विहिरीवर येते.]

जोड तुटला की वरचं वजन एकदम घटतं. कुठे तुटला ते वजनावरून काढता येतं. द्रवात सात सुती रॉड मीटरला साधारण 2.88 किलो. पॉलिश रॉडवर 1,440 किलो दिसले तर तुटलेली जागा सुमारे 500 मीटरवर, म्हणजे 65-66 व्या रॉडजवळ. ओव्हरशॉट, म्हणजे तुटलेलं टोक बाहेरून पकडणारं अवजार, उतरवून उरलेली माळ धरतात आणि वर काढतात.

तुटलेले दोन तुकडे जुळवून बघायचे नाहीत, तारेच्या ब्रशनं घासायचे नाहीत. हलकं तेल लावून, गुंडाळून, खोली आणि जोडाचा क्रमांक लिहून ठेवायचे. मग शेजारचे जोड सोडवताना लक्ष द्यायचं: किती जोरात सुटले, खांद्यावर चकाकणारं पूर्ण वर्तुळ आहे की एकाच बाजूला घासल्याची खूण, आट्यांत गंजाचं पाणी शिरलंय का. पिन सैलपणानं गेली असं दिसलं, तर एक रॉड बदलून माळ परत सोडण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी, त्याच टाँगनं आवळलेले बाकीचे अडीचशे जोडही तितकेच संशयित असतात. माळ पूर्ण काढायची, प्रत्येक जोड उघडायचा, धुवायचा, हातानं टेकवायचा, रेघ मारायची आणि मोजून आवळायचा.