खणला म्हणून खंदक?

श्रोतेहो, नमस्कार.

देवगिरीचा किल्ला चढताना बालेकिल्ल्याच्या अलीकडे एक अरुंद पूल लागतो. तो घाईने ओलांडू नका. कठड्याशी थांबा आणि खाली बघा. तळाशी हिरवट पाणी, आणि समोरचा डोंगर असा उभा तासलेला की घोरपडीलाही नख रोवायला जागा नाही. हा खंदक मातीत खणलेला नाही, सलग काळ्या कातळातून छिन्नीने उतरवलेला आहे. त्या पाथरवटांचे हात आठवले की मला दर वेळी गलबलून येतं.

खणला म्हणून खंदक, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे कळलं, शब्द अरबी आहे आणि अरबांनीही तो इराणातून घेतलेला. फारसीत ‘कंदन’ म्हणजे खणणं. इ. स. 627 मध्ये मदिनेवर मोठी चाल झाली, तेव्हा शहराची उघडी बाजू चर खणून अडवा, असं सुचवलं ते प्रेषित मुहंमदांच्या सलमान फारसी या इराणी सहकाऱ्याने. ती लढाई खंदकाच्या नावानेच ओळखली जाते. नवव्या शतकात अरबांनी क्रीट बेटावर खंदकाने वेढलेलं शहर वसवलं. त्याचं नावही खंदक. व्हेनिसकरांच्या तोंडी त्याचंच ‘कांदिया’ झालं.

पण गंमत पुढेच आहे. फारसी ‘कंदन’ आणि संस्कृत ‘खन्’ धातू ही सख्खी भावंडं. आपलं ‘खणणं’ याच ‘खन्’चं. संस्कृतात खंदकाला म्हणतात परिखा, म्हणजे सभोवार खणलेली. कौटिल्य तर एकापुढे एक तीन परिखा सांगतो, 14, 12 आणि 10 दंड रुंदीच्या; दंड म्हणजे चार हातांचं माप. म्हणजे लहानपणी माझा कान फारसा चुकला नव्हता. शब्द परमुलखातून आला खरा, पण आला तो आपल्याच भाऊबंदांत.

पहिल्या महायुद्धात याच शब्दाचा अर्थ पालटला. शत्रूला बाहेर अडवणाऱ्या खंदकात आता शिपाई स्वतःच उतरला. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916, आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात ब्रिटिश फौजेतल्या मराठा पलटणी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या. अन्न संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली. ज्या अरबी भाषेने हा शब्द आपल्याला दिला, तिच्याच मुलखात आपली माणसं 147 दिवस खंदकात तग धरून होती.